ॲनिमेतली वाकिझाशी घरी आणायचीय? पहिली छोटी तलवार घेण्याआधी हे वाचा

आमच्या हॉलमधल्या शेल्फवर एक छोटी जपानी तलवार आहे, निळसर मूठ आणि मुठीपुढे एस आकाराची चकती, आणि ज्याने ब्लीच ही ॲनिमे मालिका बघितलीय त्याला दारातूनच कळतं की ही गिन इचिमारूची शिन्सो आहे. भावाची कॉलेजची मित्रमंडळी घरी आली की तीच आधी हातात घेतात आणि मग ठरलेले तीन प्रश्न येतात, कुठून घेतली, कितीला पडली आणि पोलीस काही म्हणत नाहीत का. तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला स्वतःला पैसे घालवून मिळाली, एकदा भलतीच वस्तू आली, एकदा पार्सल अडकून परत गेलं, एकदा तर घरात काच फुटली. तुमचे तरी पैसे वाचावेत म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

लांब कतानावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी मुद्दाम छोट्या तलवारीवर लिहितोय, कारण पहिली खरेदी छोटीच असावी असं माझं ठाम मत आहे. जुन्या जपानात सामुराई कुणाच्या घरी गेला की लांब तलवार दारात काढून द्यायचा आणि वाकिझाशी कमरेलाच ठेवायचा, म्हणजे घराच्या आत राहणारी तलवार हीच. आपल्या वन बीएचकेमध्येसुद्धा हीच शोभते, शेल्फवर मावते, आणि एक मीटरची कताना सोफ्याच्या मागे पडून राहते.

१. आधी नावं आणि मापं नीट समजून घ्या

दुकानदार कशालाही काहीही नाव देतात म्हणून हे पहिल्यांदा.

जपानी तलवारीची लांबी म्हणजे फक्त पात्याची लांबी, मूठ आणि म्यान धरून नव्हे. तिथलं जुनं माप शाकू, एक शाकू म्हणजे साधारण ३०.३ सेंटीमीटर. पातं एक शाकूच्या आत असेल तर तांतो, आपल्याकडच्या कट्यारीच्या जवळपास जाणारं. एक ते दोन शाकू, म्हणजे ३० ते ६० सेंटीमीटर, ती वाकिझाशी. त्याच्या वर गेली की कताना. कोदाची हा शब्दही ऐकाल, त्याचा अर्थच छोटी तलवार, तीपण दोन शाकूच्या आतलीच. आणि कताना वाकिझाशीची जोडी असेल तर तिला दाईशो म्हणतात, दाई म्हणजे मोठं आणि शो म्हणजे लहान. एदो काळात ही जोडी लावायचा मान फक्त सामुराईंचा होता, पण एकटी वाकिझाशी व्यापारी आणि साधी माणसंही प्रवासात बाळगायची. १८७६ साली तलवार लावून फिरायला बंदी आली आणि ते सगळं संपलं.

आता ॲनिमेत छोट्या तलवारी कुठे आहेत? गिनची शिन्सो बंद रूपात, म्हणजे कथेत तिची शक्ती जागी व्हायच्या आधी, वाकिझाशीच आहे. ब्लीचमधल्याच क्योराकूकडे दाईशोसारखी जोडी आहे. रुरौनी केन्शिनमधला आओशी आधी एक कोदाची वापरतो, पुढे दोन, आणि त्या दोन्ही एकाच लांब म्यानात ठेवतो, म्हणून त्याचा सेट बाहेरून बघितला तर एकच लांब तलवार वाटते आणि लोक फसतात. डीमन स्लेयरमधल्या इनोसुकेची जोडी करवतीसारख्या दातेरी धारेची, ती त्याने कथेत दगडाने ठोकून तशी करून घेतलेली आहे, आणि तिची प्लॅस्टिकची कॉपी घेतली तर ते दाते वाहतुकीतच मोडतात असं मी दोनदा बघितलंय.

सांगायचं एवढंच की कॅरेक्टर आधी पक्कं करा, त्याची तलवार खरंच छोटी आहे का बघा, मग खाली या.

२. मटेरियल ठरवा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे

रंग, मूठ, म्यान हे सगळं नंतरचं. पातं कशाचं आहे यावर किंमत ठरते, ती हातात घेऊन फिरवायची की नुसती बघायची ते ठरतं आणि पुढे कायद्यात ती कुठे बसते तेही ठरतं.

फोम आणि पीयू (पॉलियुरेथेन): सगळ्यात हलकं, कॉस्प्लेसाठी बेस्ट, लहान मूल घरात असेल तर हेच घ्या. जवळून बघितलं तर फोम कळतो, शेल्फवर ठेवायला एवढी मजा नाही.

एबीएस प्लॅस्टिक: जपानी खेळणी कंपन्यांच्या लाइट आणि आवाजवाल्या तलवारी यातच येतात. फिनिशिंग सुंदर असतं, किंमतही तशीच असते.

लाकूड आणि बांबू: नवीन माणसाला मी हेच सांगतो. बांबूच्या पट्ट्या चिकटवून पातं बनवतात, त्यावर चंदेरी रंग, मूठ दोऱ्याने खरी गुंडाळलेली असते. माझी शिन्सो हीच आहे, अडीच हजाराच्या आसपास पडली. तुम्हाला ॲनिमेचा रंगरंगोटीचा भाग नको असेल आणि हातात खरं वजन हवं असेल तर छोटं बोक्केन, म्हणजे सरावाची लाकडी तलवार घ्या, पांढऱ्या ओकचं. जपानात क्यूशू बेटावरच्या मियाकोनोजो शहरात हे बनवण्याची मोठी परंपरा आहे, आणि केंडोच्या, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या, दहा पारंपरिक कातांपैकी (ठरलेल्या हालचालींचे सराव) शेवटच्या तीन कोदाचीच्या असल्यामुळे छोटं बोक्केन हे तिथे रोज वापरातलं साधन आहे, शोभेची वस्तू नाही.

झिंकचा मिश्रधातू: दिसायला एकदम धातू, चमक छान, धार नाही. पण हा ओतीव धातू ठिसूळ असतो. ठेवायला चालतो, फिरवायला अजिबात नाही. (खाली काचेची गोष्ट सांगतो.)

स्टेनलेस स्टील, बहुतेक ४२० किंवा ४४०: भिंतीवर टांगायच्या तलवारी यात येतात. गंजत नाही म्हणून लोक घेतात, पण एवढ्या लांबीला स्टेनलेस फिरवण्यासाठी भरवशाचं नाही, आणि मुठीच्या आत जाणारी पात्याची दांडी बहुतेक वेळा बारीक असते.

कार्बन स्टील, १०४५, १०६०, १०९५ वगैरे: शेवटचे दोन आकडे म्हणजे कार्बनचं प्रमाण, १०४५ म्हणजे साधारण ०.४५ टक्के. चीनमधल्या लोंगच्वान शहरात हजारो वर्षांची तलवारीची परंपरा आहे आणि ॲनिमेच्या स्टीलवाल्या तलवारींमध्ये तिथला माल खूप असतो. ही रेप्लिका राहत नाही, ही तलवार झाली. पहिली खरेदी म्हणून घेऊ नका, कृपा करून.

आणि कुणी पाच हजारात खरी जपानी तलवार, मास्टरने घडवलेली वगैरे सांगत असेल तर फोन ठेवून द्या. जपानात तलवार घडवायला लायसन्सवाल्या लोहाराकडे किमान पाच वर्षं उमेदवारी करावी लागते आणि लायसन्स मिळाल्यावरही लोहाराला महिन्याला लांब तलवारी दोन किंवा छोट्या तीन एवढ्याच करता येतात. त्या हिशोबाने किंमत काय असेल तुम्हीच बघा.

३. कायदा: हा भाग सोडून पुढे जाऊ नका

आधी जपानचं बघू, कारण तिथला विचार समजला की आपल्याकडचा लगेच समजतो. १९५८ च्या त्यांच्या कायद्यात १५ सेंटीमीटर किंवा जास्त पात्याची खरी तलवार नोंदणीशिवाय ठेवता येत नाही, कलावस्तू म्हणून प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे नोंद होते आणि तो कागद तलवारीबरोबरच फिरतो. शोभेच्या नकली तलवारीला मोझोतो म्हणतात, तिला नोंदणी लागत नाही, पण तिचं पातं बिनलोखंडी असतं, बहुतेक झिंकच्या मिश्रधातूचं. कारण लोखंडी पातं आज बोथट असलं तरी उद्या त्याला धार लावता येते. आणि मोझोतोसुद्धा योग्य कारणाशिवाय रस्त्यावर घेऊन फिरायला बंदी आहे.

आपला शस्त्र अधिनियम १९५९ सुद्धा हाच प्रश्न विचारतो. त्याच्या व्याख्येत धारदार हत्यारं येतात, पण जी वस्तू खेळण्याशिवाय दुसऱ्या कशाला वापरता येत नाही आणि जिचं कामाच्या शस्त्रात रूपांतरही करता येत नाही, ती व्याख्येच्या बाहेर ठेवली आहे. म्हणजे फोम, प्लॅस्टिक, लाकूड, ही खेळण्याच्या बाजूला. बोथट स्टील मात्र ग्राइंडरवर दहा मिनिटांत धारदार होतं, त्यामुळे "बोथट आहे साहेब" हे उत्तर पुरत नाही. शस्त्र नियम २०१६ च्या यादीत तलवारी, खंजीर वगैरे नावानिशी आहेत आणि ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, घरगुती, शेतीच्या आणि कारखान्याच्या वापराचं सोडून. ९ इंच म्हणजे २३ सेंटीमीटरच्या आत. वाकिझाशीचं पातं ३० पासून सुरू होतं, हिशोब स्पष्ट आहे. अशी शस्त्रं जवळ ठेवायला लायसन्स कुठल्या भागात सक्तीचं हे सरकार अधिसूचनेने ठरवतं, म्हणून स्टीलची घ्यायचा विचार असेल तर ऑर्डर करायच्या आधी आपल्या भागातल्या पोलीस स्टेशनला जाऊन, लिस्टिंगची प्रिंट दाखवून सरळ विचारा. मी गेलो होतो. ड्युटीवरच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, फोटो बघितला आणि एकच गोष्ट विचारली, लोखंडी आहे का. तेवढ्यावरच मी लाकडी घेतली.

दुसरं म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७. मुंबई, पुणे, ठाणे, कुठेही सण, मोर्चा, निवडणूक असली की पोलीस आयुक्त जमावबंदीचा आदेश काढतात, त्यात तलवारी, भाले, दंडुके घेऊन फिरायला मनाई असते. असे आदेश वर्षात बरेच दिवस लागू असतात.

आणि तलवारीने केक कापू नका. हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय. आपल्याकडे वाढदिवसाला तलवारीने केक कापला, व्हिडिओ टाकला आणि गुन्हा दाखल झाला अशा बातम्या सारख्या येतात. बोथट असो नाहीतर डेकोरेटिव्ह, रील बघणाऱ्याला ते कळत नाही. एकोणीस वीस वर्षांच्या पोराच्या नावावर एक गुन्हा म्हणजे पुढे पासपोर्ट आणि नोकरी दोन्हीकडे त्रास.

४. लिस्टिंग वाचायला शिका

माझी पहिली खरेदी "वाकिझाशी" नावाने आली आणि बॉक्सच माझ्या छातीपर्यंत उंच. १०४ सेंटीमीटर. लिस्टिंगमध्ये १०४ लिहिलेलं होतं, पण मी ते म्यानासकट एकूण माप म्हणून वाचलंच नाही, फक्त नाव वाचलं. म्हणून हे बघा:

- एकूण लांबी आणि पात्याची लांबी वेगळी दिलीय का. म्यानासकट वाकिझाशी ७० ते ७५ सेंटीमीटरच्या आसपास बसते, तांतो ४५ ते ५०. त्याच्या फार वर असेल तर कताना आहे.
- "मेटल" एवढंच लिहिलं असेल तर विचारा कुठला मेटल. उत्तर लेखी, चॅटवर घ्या.
- मुठीचा क्लोजअप मागा. पट्ट्याखाली पांढरी दाणेदार कातडी दिसते ना, ती खरी असेल तर माशाची, रे माशाची, तिला सामे म्हणतात. स्वस्तात प्लॅस्टिकचा ठसा असतो, त्यात काही वाईट नाही, फक्त खऱ्याचे पैसे देऊ नका.
- पात्यावर लाटेसारखी रेघ असते, ती हामोन. खऱ्या तलवारीत पात्यावर माती लावून तापवून पाण्यात बुडवतात, धार आणि पाठ वेगवेगळ्या वेगाने थंड होतात आणि त्यातून ती रेघ उठते, म्हणून कुठलीच लाट दुसरीसारखी नसते. रेप्लिकावर ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने काढतात आणि प्रत्येक लाट छापल्यासारखी सारखी. रेप्लिकात ती नकलीच असणार, फक्त "अस्सल हामोन" म्हणून हजार दोन हजार जास्त लावत असतील तर सोडा.
- परत घेण्याची अट आणि बिल. बिलावर "डेकोरेटिव्ह, बिनधारेची, लाकडी" असं वर्णन यायला हवं, नुसतं "गिफ्ट आयटम" नको.

५. बाहेरून मागवायचं किंवा जपानहून आणायचं असेल तर

थोडक्यात सांगतो, धातूची असेल तर नको. शस्त्र अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे शस्त्र देशात आणायला लायसन्स लागतं आणि कस्टम्सच्या वर्गवारीत तलवारी आणि त्यांची म्यानंसुद्धा ९३०७ या शस्त्रांच्या शीर्षकाखाली येतात. विकणारा परदेशात बसून "नो प्रॉब्लेम सर" म्हणतो, अडकतं ते इथे तुमच्या नावावर. माझं झिंकवालं पार्सल अडकलं, मटेरियलचा कागद मागितला, माझ्याकडे विक्रेत्याचं एक ओळीचं बिल होतं, ते पुरलं नाही आणि पार्सल परत गेलं. वस्तूचे पैसे अर्धे मिळाले, शिपिंगचे गेले. आधीच मटेरियल लेखी घेतलं असतं तर मी ती ऑर्डरच केली नसती.

जपानात नोकरीला असलेल्या किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींनी विमानाने आणायची असेल तर लाकडी छोटं बोक्केन आणा, चेक-इन सामानात, बिलासकट. केबिनमध्ये खेळण्यातली तलवारसुद्धा नेऊ नका, सिक्युरिटीवर काढून ठेवतील. आणि तिथे दुकानातून हॉटेलवर नेतानासुद्धा दुकानदाराने बांधून दिलेलं पॅकिंग उघडू नका.

६. बॉक्स उघडल्यावर पहिला अर्धा तास

जवळ ठेवायचं सामान: मोजपट्टी, फ्रिजवरचं मॅग्नेट, स्वयंपाकघरातला वजनकाटा, सुती हातमोजे, जुन्या बनियनचं मऊ फडकं, मोबाइल. कागदपत्रं म्हणाल तर बिल, लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, मटेरियलबद्दलचा चॅट आणि पॅकिंग उघडतानाचा सलग व्हिडिओ. व्हिडिओशिवाय बॉक्स उघडू नका, तक्रार करायची वेळ आली तर तोच कामाला येतो.

आता मॅग्नेट. पात्याला लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे, लिस्टिंगवर काहीही लिहिलेलं असो, झिंक आणि ॲल्युमिनियमला मॅग्नेट चिकटत नाही. (४२० आणि ४४० स्टेनलेसलाही चिकटतं, "स्टेनलेसला चिकटत नाही" हे पातेल्यांवरून पडलेलं मत इथे चालत नाही.) लाकडी म्हणून घेतलेल्या पात्याला चिकटलं तर मधे पट्टी घातलेली असते, अशी वस्तू परत करा.

मग धार. बोट लावून बघायचं नाही. ए फोर कागद उभा धरून पातं अलगद ओढा, कागद नुसता दुमडला पाहिजे. कापला गेला तर ती वस्तू तुम्ही मागवलेली नाही.

मग मूठ. हे सगळ्यात महत्त्वाचं. पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो त्याला नाकागो म्हणतात, आणि तो मुठीत अडकून राहतो ते एका छोट्या बांबूच्या खुंटीमुळे, तिला मेकुगी म्हणतात. मुठीवर पट्ट्यांच्या मधे एक बारीक गोल भोक दिसेल, आरपार, तिथेच ती असते. अंगठ्याने दाबून बघा, हलली नाही पाहिजे. मग तलवार आडवी धरून कानाजवळ हळूच हलवा. खडखड आवाज आला तर मूठ सैल आहे. आता ती काचेची गोष्ट.

माझ्याकडे एक झिंकची वाकिझाशी होती, इथूनच घेतलेली, दिसायला सुंदर, काळी म्यान आणि लाल दोरा. मित्र आला, त्याने काढली आणि हॉलमध्ये एक वार मारला, हवेत, कशालाही लागला नाही, आणि पातं चकतीच्या थोडं पुढे तुटून समोरच्या शोकेसच्या काचेत गेलं. माझी आई त्याच्या दोन मिनिटं आधी तिथून चहाचे कप घेऊन गेली होती. तुटलेलं टोक बघितलं तर आत करडं, दाणेदार, खडीसाखर मोडल्यावर दिसते तसं. मूठ उघडली तर आत चार बोटं लांबीची, पेन्सिलीएवढी दांडी, पातळ नटाने आवळलेली. खऱ्या वाकिझाशीत नाकागो मुठीच्या बऱ्याच आतपर्यंत जातो आणि मुळाशी जवळजवळ पात्याएवढा रुंद असतो. तेव्हापासून आमच्या घरी धातूची रेप्लिका कुणी फिरवत नाही आणि मी विक्रेत्याला पहिला प्रश्न नाकागोचा विचारतो.

सराव करायचाच असेल तर त्याच्यासाठी इआइतो नावाची वेगळी वस्तू असते, बिनधारेचं मिश्रधातूचं पातं पण बांधणी खऱ्या तलवारीची, आणि ती शिकवणाऱ्याच्या हाताखालीच वापरायची असते.

७. म्यानातून काढणं आणि घालणं

लोक सरळ ओढतात आणि म्यानाचं तोंड खराब करतात. म्यानाच्या तोंडाला जपानीत कोइगुची म्हणतात, कोई माशाचं तोंड, कारण आकार तसाच लांबट गोल असतो. त्या तोंडात पात्याच्या मुळाशी असलेली धातूची कॉलर, हाबाकी, घट्ट बसते आणि तलवार उलटी केली तरी पडत नाही. म्हणून काढताना डाव्या हातात म्यान तोंडाजवळ धरायची, डाव्या अंगठ्याने त्सुबा, म्हणजे ती चकती, किंचित पुढे ढकलायची. टक् असा छोटा आवाज येतो आणि हाबाकी सुटते. मग उजव्या हाताने सावकाश, पात्याची पाठ म्यानाच्या आतल्या बाजूवर टेकवून बाहेर. धार म्यानाला घासता कामा नये. डाव्या हाताची बोटं म्यानाच्या शिवणीवर गुंडाळू नका, धारदार पात्याने लोकांच्या हाताला इजा अशीच होते, आणि सवय बोथट वस्तूवरच लावून घ्यायची.

नवीन लाकडी तलवार म्यानात घट्ट बसत असेल तर ओढाओढ करू नका, मेणबत्तीचं मेण आतल्या काठावर चोळा. माझी पावसाळ्यात फुगून अडकली होती, आमच्या सुताराने बारीक सॅंडपेपर गुंडाळलेली काठी आत फिरवून पाच मिनिटांत मोकळी केली.

८. कॉस्प्ले आणि प्रवास

मुंबईच्या कॉमिक कॉनसारख्या ठिकाणी दारावर प्रॉप तपासतात, धातूची तलवार आत जात नाही. जाण्याआधी त्या वर्षीचे प्रॉपचे नियम वाचा आणि फोमची न्या. म्यान आणि मूठ झिपटायने एकत्र बांधून ठेवली की गर्दीत कुणी ओढून काढत नाही.

लोकलने किंवा मेट्रोने जाताना उघड्यावर धरू नका. क्रिकेटच्या किटबॅगमध्ये छोटी तलवार आडवी बसते, हा छोट्या तलवारीचा अजून एक फायदा. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये आणि ओळखपत्र खिशात. कुणी विचारलं तर बॅग स्वतः उघडून मुठीकडून हातात द्या, पातं समोरच्याच्या दिशेने करून कधीच काढू नका. आणि घरून कॉस्ट्यूम घालून कमरेला लावून निघायची हौस असते, मला माहितेय, पण तिथे जाऊन लावा.

९. घरी मांडणी आणि पावसाळा

स्टॅंडवर ठेवताना धार वर, पाठ खाली. मूठ डावीकडे ठेवायची पद्धत आहे, उजव्या हाताने पटकन उपसता येणार नाही अशी, म्हणजे घरात शांतता आहे असा त्याचा अर्थ. उलटी ठेवली तर जाणकार पाहुण्याला लगेच खटकतं. उंची अशी ठेवा की लहान मुलांचा हात जाणार नाही, आणि स्टॅंड भिंतीला स्क्रूने बसवा.

आमच्याकडे खंडेनवमीला आजोबांच्या कोयत्याबरोबर आणि बाबांच्या स्पॅनरबरोबर माझी शिन्सोही पाटावर असते. हळदीकुंकू मात्र म्यानावर लावू नका, लाखेच्या पॉलिशवरचा डाग निघत नाही. स्टॅंडला लावा.

लाकडी आणि प्लॅस्टिकच्या तलवारीला कोरडं फडकं पुरतं, उन्हात ठेवू नका, रंग उडतो. मिश्रधातूच्या पात्यावर बोटांचे ठसे लागले की लगेच पुसा, घामाने डाग बसतात. कुणाकडे कायदेशीर मार्गाने घेतलेलं स्टील असेल तर त्याला जपानात लवंगेचा वास असलेलं चोजी तेल लावतात, आपल्याकडे शिलाई मशीनचं तेल तेच काम करतं, अगदी पातळ थर, फडक्यावर दोन थेंब. खोबरेल तेल लावू नका, काही दिवसांनी चिकट होतं आणि धूळ धरतं.

जून ते सप्टेंबर, विशेषतः मुंबई, कोकण, गोव्यात, म्यानात ओल धरते. दर पंधरा दिवसांनी तलवार काढायची, फडक्याने पुसायची, म्यान तोंड खाली करून पंख्याखाली तासभर ठेवायची. औषधाच्या डब्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या म्यानात टाकू नका, त्या स्टॅंडच्या बाजूला एका उघड्या डबीत ठेवा. मुठीच्या दोऱ्यावर पांढरी बुरशी दिसली तर ओलं फडकं नको, मऊ टूथब्रश कोरडाच फिरवा, दोऱ्याच्या विणीच्या दिशेने, आणि त्यानंतर मेकुगी पुन्हा एकदा अंगठ्याने दाबून बघा, कारण ओलीने फुगलेली खुंटी सुकली की सैल पडते.